टँकर फेल का गेला, हा प्रश्न सोडू नकोस

भांडुपहून एका मुलीचं पत्र आलंय, जरा लांब होतं म्हणून मुद्द्याचं तेवढं देतेय.

"ताई नमस्कार. माझं वय २४, बीएस्सी मायक्रो झालंय, तीन वर्षांचं. दोन वर्षं शहराबाहेरच्या एका डेअरी प्लांटच्या लॅबमध्ये आहे, पगार २२ हजार. बाबांचं दुधाचं सेंटर आहे. मला फूड आणि अ‍ॅनिमल सायन्समध्ये मास्टर्स करायचंय. कन्सल्टंटने अमेरिकेतली तीन नावं काढून दिलीयेत, खर्च ३५ लाख सांगतोय, घर तारण ठेवावं लागेल. बाबा म्हणतात दूधच विकायचंय ना शेवटी, त्याला एवढं शिकून काय. आमचं घर माळकरी, आई विचारते तिकडे प्राणी कापायला लावतील का. आणि मलाच कधीकधी वाटतं, नोकरीचा कंटाळा आलाय म्हणून हे खूळ घेतलंय का मी. गेल्या पावसाळ्यात एकाच भागातून येणारे टँकर अ‍ॅफ्लाटॉक्सिनमध्ये (म्हणजे बुरशीच्या विषाच्या टेस्टमध्ये) सारखे फेल जात होते, मी सरांना विचारलं असं का होतंय, तर म्हणाले आपलं काम रिपोर्ट द्यायचं, कारणं शोधायचं नाही. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. काय करू?"

अगं, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते, बाकीचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. कंटाळा आलेल्या माणसाला टँकर फेल गेला की सुटल्यासारखं वाटतं, रिपोर्टवर सही केली, गाडी परत पाठवली, चला चहाला. तुला वर्ष झालं तरी तो टँकर सुटत नाहीये डोक्यातून. हा कंटाळा नाही. आणि गंमत म्हणजे तू पानभर लिहिलंस युनिव्हर्सिटी, लोन, व्हिसा, आणि तुझ्या पत्रातली खरी महत्त्वाची गोष्ट सगळ्यात शेवटी दोन ओळींत उरकलीस. मला विचारशील तर तुझा मास्टर्सचा विषय तिथेच पडलेला आहे.

म्हणजे बघ, तुला माहीत आहेच पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. मका, सरकी पेंड, शेंगदाणा पेंड ओलसर राहिली की तिला बुरशी लागते, त्यातली एक अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी अ‍ॅफ्लाटॉक्सिन बी-१ नावाचं विष तयार करते, जनावराने ते खाल्लं की त्याच्या लिव्हरमध्ये त्याचं एम-१ होतं आणि ते दुधात उतरतं. आपल्याकडे दुधात किलोला ०.५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा, युरोपात ०.०५, म्हणजे दहापट कडक. आणि मुख्य म्हणजे दूध तापवून ते जात नाही. ७२ डिग्रीला १५ सेकंद पाश्चराइझ करा नाहीतर घरी दोनदा उकळा, ते तिथेच राहतं. म्हणजे प्लांटमध्ये दूध आल्यावर तुमच्या हातात एकच गोष्ट उरते, परत पाठवणे, आणि परत गेलेलं ते दूध कुठे जातं हा वेगळाच विषय आहे, त्याने माझी झोप अजूनही उडते. खरा इलाज गोठ्यात आहे, पेंडीच्या पोत्याखाली फळी आहे की पोतं थेट ओल्या जमिनीवर आहे इथे. तुझ्या लॅबचा प्रश्न फूडचा आहे आणि उत्तर अ‍ॅनिमल सायन्समध्ये आहे. ह्या दोन गोष्टी एकत्र शिकायला का हव्यात ते मी तुला वेगळं पटवून द्यायची गरजच नाही, तुला ते नोकरीतच कळलंय.

मला हे कळायला वेळ लागला होता. मी डेअरीतच आयुष्य काढलं, सुरुवातीच्या नोकरीत दह्याची एक मोठी बॅच लागलीच नाही, रात्रभर नुसतं पातळ दूध. सगळ्यांनी विरजणाला दोष दिला, कल्चर बदललं, टेम्परेचर बघितलं, दुसऱ्या दिवशी परत तेच. मग आम्ही एका संकलन केंद्रावर जाऊन बसलो तेव्हा कळलं की त्या गावात दगडीची, म्हणजे कासेच्या आजाराची साथ होती, कासेत अँटिबायोटिक सोडलं होतं आणि सांगितलेले दिवस दूध बाजूला न काढता तेच दूध केंद्रावर घातलं जात होतं. अँटिबायोटिकने आमचे दह्याचे जंतू मारले. मला सीओबी, एमबीआरटी, गर्बरची फॅट टेस्ट, दुधाच्या सगळ्या टेस्ट तोंडपाठ होत्या पण म्हशीच्या कासेबद्दल मला शून्य माहिती होती, आणि ती मला तिथल्या पशुवैद्यक डॉक्टरांनी गोठ्यात उभं करून शिकवली, एक दमडी न घेता. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. म्हणून तुझं पत्र वाचल्यावर मला राहवलं नाही.

आता प्रॅक्टिकल. ह्या क्षेत्रात आपल्या देशात एक मोठी अडचण आहे, ती तुझ्या कन्सल्टंटला माहीत नसणार किंवा त्याने सांगितली नसणार, ती म्हणजे इथे मास्टर्सचं दार तुझ्या बॅचलर्सने ठरतं. तू मुंबईत राहतेस, तुझ्या आजूबाजूला किती मोठ्या संस्था आहेत बघ. परळचं पशुवैद्यकीय कॉलेज १८८६ पासूनचं, तिथे एमव्हीएस्सीला, म्हणजे पशुवैद्यकाच्या मास्टर्सला पशुआहार आहे, पशुजन्य पदार्थांचं तंत्रज्ञान आहे, पब्लिक हेल्थ आहे, म्हणजे नेमकं तुझ्या कामाचं, पण आधी बीव्हीएस्सी, म्हणजे पशुवैद्यकाची डिग्री झालेली पाहिजे, आणि ते इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, तेही 'नीट'ची प्रवेश परीक्षा देऊन. वर्सोव्याला सीआयएफई आहे, माशांच्या सगळ्या अभ्यासासाठी देशातलं मोठं नाव, पण तिथे बीएफएस्सी, म्हणजे मत्स्यशास्त्राची डिग्री लागते. माटुंग्याला आयसीटी, केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था, आपल्या आधीची पिढी अजून यूडीसीटीच म्हणते, १९३३ पासूनची, तिथलं फूडचं एमटेक हे मुख्यतः इंजिनिअरिंगवाल्यांच्या वाटेचं. म्हणजे तीन संस्था लोकलच्या अंतरावर आणि तिन्हीकडे तुझ्या मायक्रोच्या डिग्रीला अडचण. ह्यात तुझी काही चूक नाही, बारावीत कोणी सांगितलं असतं तर, पण बारावीत कोण सांगतं.

मग तुझ्यासाठी उघडं काय आहे? फूड सायन्स किंवा फूड टेक्नॉलॉजीचं एमएस्सी. मैसूरची सीएफटीआरआय, १९५० सालची सरकारी संस्था, तिथलं दोन वर्षांचं एमएस्सी फूड टेक्नॉलॉजी हे माझ्या मते ह्या देशात सायन्सच्या पोरांसाठी सगळ्यात मोलाचं, आणि प्रवेश अवघड आहे हे पण सांगून ठेवते. मुंबईतच राहायचं असेल तर एसएनडीटीच्या जुहू कॅम्पसला फूड सायन्स आणि न्यूट्रिशन आहे, पण तिथला कल माणसाच्या आहाराकडे जास्त, तुला जनावराच्या आहाराकडे जायचंय, म्हणून मी ते दुसऱ्या नंबरला ठेवेन. कर्नालची एनडीआरआय, जी १९२३ ला बंगलोरला सुरू झाली आणि १९५५ ला कर्नालला गेली, ती डेअरीवाल्यांची पंढरीच, पण तिथे प्रत्येक विषयाची पात्रता वेगळी असते, तेव्हा माहितीपत्रकात त्या त्या विषयापुढची ओळ स्वतः वाच, कोणाच्या मैत्रिणीच्या भावाने सांगितलं म्हणून फॉर्म भरू नकोस.

आता परदेश. ३५ लाखांचं गणित मी कागदावर केलं, तू पण कर. अकरा टक्के व्याज धरलं आणि दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला साधारण ४८ हजार हप्ता येतो, आणि ह्यात शिकत असतानाच्या दोन वर्षांचं व्याज मी धरलेलंच नाही. तुझ्या आजच्या पगाराच्या दुपटीहून जास्त. तिकडे नोकरी लागली तर हप्ता जाईल, मान्य, पण व्हिसाचं धोरण कधी कसं फिरेल ते तुझ्या हातात नाही आणि माझ्याही नाही, आणि तारण भांडुपचं घर आहे जे बाबांनी पहाटे साडेतीनला उठून उठून घेतलंय. मी स्पष्ट सांगते, घर तारण ठेवून हे करू नकोस. तुझी अक्कल कमी आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, पण ह्या विषयात स्वतःचे एवढे पैसे न घालता शिकायची वाट आहे आणि ती सोडून महागडी वाट कशाला धरायची.

ती वाट अशी की अमेरिकेत एमएस दोन प्रकारचं असतं. एक नुसतं कोर्सेसचं, ज्यात तू फी भरतेस, क्लास करतेस, डिग्री घेतेस, कन्सल्टंट बहुतेक हेच विकतात कारण इथे अ‍ॅडमिशन सोपी. दुसरं थीसिसचं, ज्यात एखाद्या प्रोफेसरकडे प्रोजेक्टचे पैसे असतात, तो तुला रिसर्च असिस्टंट म्हणून घेतो, मग बऱ्याच ठिकाणी फी माफ होते आणि वर महिन्याला खर्चापुरता स्टायपेंड. अ‍ॅनिमल सायन्सच्या डिपार्टमेंटमध्ये ही दुसरी पद्धत चांगली रुळलेली आहे, कारण गायींवर प्रयोग चालू असतात आणि पहाटे दूध काढायला, चारा मोजायला, शेण गोळा करायला हात लागतात. हो, शेण गोळा करायला. पशुआहाराच्या अभ्यासात किती खाल्लं आणि किती बाहेर पडलं हे मोजूनच पचन कळतं. काही ठिकाणी गायीच्या कुशीला कायमची खिडकी बसवलेली असते, त्यातून आत हात घालून पोटातला रस काढतात, गाय निवांत रवंथ करत उभी असते. तुला हे वाचून कसंतरी झालं की कधी बघायला मिळेल असं झालं, ते स्वतःशी खरं खरं बघ.

असा प्रोफेसर कसा मिळतो? ईमेल लिहून. पन्नास जणांना एकच ईमेल नाही, आठ-दहा जणांना, प्रत्येकाचा एखादा पेपर वाचून, वेगवेगळा. आणि त्यात 'आय अ‍ॅम पॅशनेट' वगैरे काही नको. तुझ्याकडे त्याहून भारी गोष्ट आहे, तू लिही की मी दोन वर्षं कच्च्या दुधाच्या टेस्ट करतेय, एका मोसमात एकाच भागातल्या दुधात एम-१ मर्यादेच्या वर येत राहिलं, मला त्या भागातल्या पेंडीच्या साठवणीचा आणि ह्याचा संबंध शोधायचाय. बस्स. चार ओळी. पण प्लांटचं नाव आणि त्यांचे आकडे लिहू नकोस, ते तुझे नाहीत. उत्तरं कमी येतील, दहातून एखादं, आणि महिनाभर काहीच आलं नाही तरी रडत बसू नकोस, दुसरे दहा शोध.

एक अडथळा मात्र आहे, तुझी डिग्री तीन वर्षांची आणि अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, काही युनिव्हर्सिटी तीन वर्षांची चालवून घेतात, काही नाही. म्हणून मला वाटतं आधी इथे एमएस्सी कर आणि मग बाहेर, जमलं तर थेट पीएचडीला जिथे फंडिंग अजून बरं असतं, हा क्रम तुझ्यासाठी जास्त धडाचा आहे. दोन वर्षं वाया जातात असं नको समजू, त्या दोन वर्षांत तुझा स्वतःचा एखादा छोटा का होईना थीसिस होईल. नेदरलँड्सचं वाखेनिंगेन, जिथे अ‍ॅनिमल सायन्स आणि फूड दोन्ही एकाच कॅम्पसवर शिकवतात, ते पण यादीत ठेव, पण फी युरोपाबाहेरच्यांना भरपूर आहे, स्कॉलरशिप मिळाली तरच. आणि पैसे कमी पडले तर बँकेच्या आधी जे. एन. टाटा एन्डोमेंट बघ, आपल्या मुंबईतलंच आहे, १८९२ पासून परदेशी शिकायला जाणाऱ्यांना लोन स्कॉलरशिप देतं, त्यांच्या पहिल्या स्कॉलर्समध्ये आपल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. त्या काळात एक मराठी बाई गेली, तू तर काय.

आईचा प्रश्न. हा प्रश्न लोक विचारायला लाजतात आणि मग तिकडे जाऊन अडकतात, म्हणून तिला म्हणावं बरं केलंत विचारलंत. अ‍ॅनिमल सायन्समध्ये मीट सायन्स हा मोठा भाग आहे, त्या कोर्सला गेलीस तर कापलेलं जनावर समोर असणार, त्याचे भाग ओळखायला लागणार, चरबी मोजायला लागणार, त्यातून सुटका नाही. डेअरी, पशुआहार, चारा, फूड मायक्रोबायोलॉजी ह्यात बहुतेक तसं काही करावं लागत नाही, पण 'बहुतेक' वर विसंबू नको, प्रोफेसरला आधीच सरळ विचार की ह्या प्रोजेक्टमध्ये प्रयोगाच्या शेवटी जनावर मारतात का. हा वाजवी प्रश्न आहे, कोणी हसणार नाही. तुला जमणार नसेल तर नाही म्हण, गळ्यात माळ आहे ती उगाच नाही. पण एक मनापासून सांगते, जे लोक देवनारच्या कत्तलखान्यात जनावरं तपासतात, मांस तपासतात, त्यांच्याबद्दल मनात कमीपणा ठेवून ह्या क्षेत्रात येऊ नकोस. खाणारा सुरक्षित राहावा म्हणूनच तेही उभे असतात, तू दुधाच्या टँकरपाशी उभी असतेस तशीच.

आणि बाबा. बाबांना सांग की ते रोज जी टोन्ड दुधाची पिशवी विकतात ती ह्याच शिक्षणातून आलीये आणि आलीये ती पण आपल्या मुंबईत. १९४० च्या दशकात शहराला दूध पुरत नव्हतं, तेव्हा डेअरीतले तज्ज्ञ दारा खुरोडींनी म्हशीच्या घट्ट दुधात स्किम पावडर आणि पाणी घालून फॅट खाली आणली पण बाकीचं सत्त्व राखलं, आज नियमाने ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) असतं ते हेच. त्याच खुरोडींनी पुढे आरे कॉलनी उभी केली. आणि आणंदचं, म्हणजे अमूलचं घे, हिवाळ्यात म्हशी जास्त दूध द्यायच्या, मुंबई तेवढं घ्यायची नाही, शेतकऱ्यांचं दूध पडून, आणि परदेशी तज्ज्ञ म्हणायचे म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही. एच. एम. दलाया म्हणून डेअरीचं शिक्षण घेतलेला माणूस कुरियनांबरोबर होता, त्याने ती करून दाखवली, आणि १९५५ मध्ये तिथे पावडरचा कारखाना उभा राहिला. दूध विकायला शिक्षण लागत नाही हे बाबांचं बरोबर आहे, पण विकायला दूध नीट पोचावं म्हणून कोणीतरी शिकलेलं असतं. २०२३-२४ मध्ये आपल्या देशात २३.९ कोटी टन दूध झालं, जगात सगळ्यात जास्त, आणि एवढ्या दुधामागे पेंडीची पोती कुठे ठेवलीयेत हे बघणारी माणसं किती थोडी आहेत ते तू तुझ्या लॅबमध्ये बघितलंसच.

अजून एक, जे तुला कोणी सांगितलं नसेल. फूड सेफ्टी ऑफिसर व्हायला २०११ च्या नियमांत ज्या डिग्र्या दिल्यात त्यात मायक्रोबायोलॉजी आहे. म्हणजे तू आजच पात्र आहेस. मास्टर्सच्या ऐवजी ते कर असं नाही म्हणत, पण मास्टर्स नाही झालं तर सगळं संपलं असं जे तुझ्या पत्रातून वाटतंय तसं अजिबात नाहीये, जागा निघाल्या की फॉर्म भर, अभ्यास तर सारखाच आहे.

आता तू काय करायचं ते. कन्सल्टंटला पैसे देऊ नकोस, दिले असतील तर पुढचा हप्ता थांबव. नोकरी सोडू नकोस. ह्या पावसाळ्यात चार रविवार आणि शिल्लक रजा धरून ज्या भागातून ते टँकर येतात तशा एखाद्या भागात जा, तुमच्याच सप्लायरकडे नको जाऊ, उगाच नोकरीत भानगड होईल, शहापूर-मुरबाडकडे कोणाचा गोठा ओळखीचा निघेलच. धार काढताना उभी राहा, पेंड कुठून येते विचार, पोत्यात हात घालून वास घे, मुरघासाचा (आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) खड्डा कसा झाकलाय बघ, आणि सगळं वहीत तारखेसकट लिही. चौथ्या रविवारी पण तुला पहाटे कसाऱ्याची पहिली गाडी पकडावीशी वाटली तर अर्ज कर, आणि नाही वाटली तर लॅबच्या आतलं फूड मायक्रो कर, त्यातही कमीपणा काही नाही.

आणि बाबांकडे बस एक दिवस, त्यांना विचार वर्षातल्या कुठल्या महिन्यात गिऱ्हाईक दूध नासलं म्हणून पिशवी परत आणतं, कुठल्या महिन्यात दही लागत नाही म्हणून बायका तक्रार करतात. इतकी वर्षं काउंटरवर काढलेल्या माणसाला हे तोंडपाठ असतं, आणि कोणी त्यांना कधी विचारलेलं नसतं. ते पण त्याच वहीत लिही. परदेशातले बरेच फॉर्म डिसेंबरमध्ये बंद होतात, इथल्यांच्या तारखा तू वेबसाइटवर बघत राहा. दिवाळीनंतर तुझं अर्जाबरोबरचं स्टेटमेंट, का शिकायचंय ते, लिहून झालं की मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसते.